नगर वाहतूक व व्यापारी विकास, मुंबईतील

शहराच्या हद्दीत बाजारपेठा, कचेऱ्या व गोदामे कोठे वाढावीत आणि तेथे ये-जा करणाऱ्या लोकांच्या वाहतुकीची सोय कोणी, कोणत्या मार्गाने व किती भाड्यात करावी, या दोन परस्परावलंबी प्रश्नांबाबत मुंबईच्या नगरसंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घेतलेल्या निर्णयांचा इतिहास. घोड्यांच्या ट्रामपासून ‘बेस्ट’ उपक्रमापर्यंतची वाटचाल हा या इतिहासाचा मुख्य भाग होय. रस्ता हा नगरसंस्थेचा आणि त्यावरील वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही तिचाच, या तत्त्वावर ही व्यवस्था उभी राहिली. मात्र व्यापारी जागांच्या वाढीचे निर्णय हळूहळू इतर संस्थांकडे गेले आणि त्या वाढीमुळे निर्माण होणाऱ्या वाहतुकीचा भार महानगरपालिकेच्या उपक्रमाकडे राहिला. महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांनी कमीअधिक प्रमाणात मुंबईचा कित्ता गिरविला. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र वेगळीच व्यवस्था रूढ झाली.

आरंभ : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित होऊन मुंबईच्या कापूस-व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. सर बार्टल फ्रीअर यांच्या गव्हर्नरपदाच्या कारकीर्दीत (१८६२–६७) किल्ल्याचा तट पाडण्यात येऊन कोटातील व्यापारी वस्तीला विस्तारास वाव मिळाला. याच सुमारास कोटातील मोकळ्या मैदानाच्या जागी एल्फिन्स्टन सर्कल (सध्याचे हुतात्मा चौकानजीकचे हॉर्निमन सर्कल) बांधण्याची योजना हाती घेण्यात आली. नगरसंस्थेने ती जागा विकत घेऊन तिचे भूखंड पाडले व ते व्यापाऱ्यांना फायद्याने विकले. सार्वजनिक संस्थेने जमिनीची किंमत वाढवावी आणि त्या वाढीचा काही अंश सार्वजनिक तिजोरीत यावा, या पद्धतीचे हे मुंबईतील एक प्रारंभीचे उदाहरण होय.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिसेस ऑफ द पीस यांच्या मंडळाकडे आला. कार्यकारी सत्ता मात्र एका आयुक्ताच्या हाती देण्यात आली. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त होत. कोटाच्या उत्तरेस, देशी वस्ती व युरोपियन वस्ती यांच्या सीमेवर त्यांनी उभारलेली मध्यवर्ती मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. विल्यम एमर्सन या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केलेल्या या मंडईस क्रॉफर्ड यांचे नाव देण्यात आले व स्वातंत्र्योत्तर काळात तिचे ‘महात्मा जोतिबा फुले मंडई’ असे नामांतर झाले. क्रॉफर्ड यांच्या कामांनी शहराचा कायापालट झाला. पण खर्च फार वाढला. त्यातच कापूस-व्यापाराची तेजी १८६५ मध्ये ओसरली होती. १८६४ साली ८,१६,५६२ असलेली लोकसंख्या १८७२ च्या गणनेत ६,४४,४०५ इतकी भरली. करदात्यांनी आयुक्ताच्या अनियंत्रित खर्चाविरुद्ध जोराची चळवळ केली आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महानगरपालिका अस्तित्वात आली; तिचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते. ट्रामचा प्रश्न या नव्या सभागृहासमोर आलेल्या पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होय.

घोड्यांची ट्राम : मुंबईत ट्राम सुरू करण्याची पहिली योजना १८६५ मध्ये मांडण्यात आली होती व तिला परवानगीही मिळाली होती; परंतु त्याच वर्षी आलेल्या मंदीमुळे ती प्रत्यक्षात उतरली नाही. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. ही कंपनी, स्टर्न्स अँड किटरेज ही भागीदारी पेढी व नगरसंस्था यांच्यात करार होऊन कंपनीस २१ वर्षे घोड्यांची ट्राम चालविण्याचा हक्क मिळाला. पाठोपाठ १८७४ मध्ये बॉम्बे ट्रामवेज ॲक्ट हा कायदा संमत झाला. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी (क्रॉफर्ड मार्केटवरून) आणि बोरीबंदर ते पायधुणी (काळबादेवीवरून) असे दोन मार्ग सुरू झाले.

या मार्गांची आखणी लक्षणीय आहे. कुलाब्याकडील कापसाचा व्यापार, कोटातील पेढ्या, रेल्वेचे स्थानक, नगरसंस्थेची मंडई, काळबादेवी परिसरातील कापडाचा बाजार व पायधुणीची दाट वस्ती अशी शहराच्या व्यापारातील मुख्य ठिकाणे त्यांनी एका सूत्रात गुंफली. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे सुरुवातीस तीन आणे होते; ते लवकरच दोन आण्यांवर आणण्यात आले. हातावर पोट असलेल्या मजुरास दोन आणेही जड होते. त्यामुळे आरंभी ट्रामचा उपयोग मुख्यतः कारकून, दुकानदार व दलाल यांना झाला. तथापि खाजगी गाडी बाळगू न शकणाऱ्या मध्यम वर्गाला पगाराच्या जागेपासून दूर राहणे प्रथमच शक्य झाले. घोड्यांची निगा हा कंपनीचा मोठा खर्च होता. आरंभी सु. ९०० घोडे होते व सेवा बंद होण्याच्या सुमारास त्यांची संख्या १,३६० झाली होती.

विजेची ट्राम : मंडई आणि वाहतूक यांच्याप्रमाणेच वीजपुरवठ्याचा प्रश्नही नगरसंस्थेच्या कार्यकक्षेत आला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मंडईत विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. पण तो फार काळ टिकला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राम विजेवर चालविण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा वीजपुरवठा व ट्राम यांचा परवाना एकत्रितपणे देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ७ ऑगस्ट १९०५ च्या सवलतीच्या करारान्वये हे दोन्ही हक्क बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी (संक्षेपाने बेस्ट) या लंडन येथे नोंदविलेल्या कंपनीकडे आले. तिने जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता ९८,५०,००० रुपयांना घेतली.

७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम महानगरपालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. वीज व ट्राम एकत्र ठेवण्याच्या निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. दिवे, पंखे व यंत्रे यांसाठी वीज घेणाऱ्या ग्राहकांकडून येणारे उत्पन्न आणि ट्रामच्या उतारूंकडून येणारे भाडे एकाच हिशेबवहीत आले. त्यामुळे एका विभागाच्या नफ्यातून दुसऱ्या विभागाची तूट भरून काढणे शक्य झाले. गर्दी वाढल्यामुळे सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम सुरू करण्यात आल्या.

नगरसुधारणा विश्वस्त मंडळ : १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्‌भवली व ती शहरभर पसरली. दाट वस्ती मोकळी करणे, नवे रस्ते काढणे व नवी उपनगरे वसविणे या कामांसाठी सरकारने १८९८ च्या कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट हे स्वतंत्र मंडळ स्थापन केले. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते, तसेच दादर-माटुंगा, वडाळा व शीव येथील वसाहती ही या मंडळाची प्रमुख कामे होत. जुनी घरे पाडून काढलेल्या रस्त्यांच्या कडेने व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे भाडे विस्थापित गरीब कुटुंबांना परवडणारे नव्हते व अनेकांना जवळपासच्या आधीच दाटलेल्या चाळींत आसरा घ्यावा लागला. दादर-माटुंग्याच्या वसाहतीत प्रामुख्याने मध्यम वर्ग राहावयास गेला. तेथून कोटातील कचेऱ्यांत जाण्यास रेल्वे व ट्राम या दोन्हींची सोय होती. दादरच्या पूर्वेकडील चौकास आजही लोक ‘दादर टी. टी.’ म्हणतात, ते तेथील ट्राम टर्मिनसवरून होय.

या मंडळाच्या स्थापनेने नगररचना आणि नगर वाहतूक यांचे निर्णय दोन निराळ्या संस्थांत विभागले गेले. पुढे १९३३ मध्ये मंडळ महानगरपालिकेत विलीन करण्यात आले. दरम्यान मुंबई बंदर विश्वस्त मंडळाने समुद्रात भर घालून बॅलार्ड इस्टेट ही व्यापारी वसाहत उभारली. सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर बॅकबे येथे भर घालण्याची योजना हाती घेतली. खर्चाचे फुगलेले आकडे व कामातील दोष यांवर वीर नरिमन (खुर्शेद फ्रामजी नरिमन) यांनी जाहीर टीका केली. योजना मूळ स्वरूपात पुरी झाली नाही; पण तिच्यातून मरीन ड्राइव्हचा परिसर निर्माण झाला. या दोन्ही प्रसंगी नव्या व्यापारी वा निवासी जमिनीची मालकी व तिचे उत्पन्न महानगरपालिकेबाहेरील संस्थांकडे गेले.

बसवाहतूक व महानगरपालिकीकरण : १५ जुलै १९२६ रोजी बेस्ट कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मोटारबस सुरू केली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सु. ६ लाख व पुढील वर्षी सु. ३८ लाख उतारूंनी बसने प्रवास केला. प्रारंभी बस ही सुखवस्तू वर्गाची व ट्राम ही गरिबांची, अशी विभागणी रूढ होती. १९३७ मध्ये दुमजली बस आली. याच काळात लोहमार्गांचे विद्युतीकरण झाले : ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली व जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी रेल्वे आणि स्थानकापासून कचेरीपर्यंत किंवा बाजारापर्यंत ट्राम वा बस, अशी कामाची वाटणी होत गेली.

१९०५ च्या करारात नगरसंस्थेने कंपनी विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. बेचाळीस वर्षांनंतर, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आठ दिवस आधी, महानगरपालिकेने तो हक्क बजावून कंपनीचा वीज व वाहतूक व्यवसाय ताब्यात घेतला. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या धावत असून त्यांतून रोज सु. २,३८,००० उतारू प्रवास करीत. नावातील ‘ट्रामवेज’ या शब्दाच्या जागी ‘ट्रान्स्पोर्ट’ हा शब्द आला व बेस्ट हे संक्षिप्त नाव कायम राहिले. उपक्रमाच्या कारभारासाठी महानगरपालिकेची बेस्ट समिती आणि महाव्यवस्थापक अशी व्यवस्था कायद्याने करण्यात आली. भाडे ठरविणे ही बाब यापुढे लंडनमधील भागधारकांच्या हिशेबाची न राहता लोकप्रतिनिधींच्या चर्चेची झाली, हे या निर्णयाचे खरे महत्त्व होय. १९५० मध्ये काही व १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली आणि उपक्रमाची जबाबदारी कित्येक पटींनी वाढली.

ट्रामचा अंत : मोटारींची संख्या वाढल्यावर रस्त्याच्या मध्यभागातून जाणारी ट्राम हा वाहतुकीतील अडथळा मानला जाऊ लागला. एकेक मार्ग बंद करण्यात येऊन ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर या मार्गावर अखेरची ट्राम धावली. ट्रामला पर्याय म्हणून ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली होती. तीही २४ मार्च १९७१ रोजी बंद झाली. ट्रामचे मार्ग उखडल्याने मोकळी झालेली रस्त्याची जागा प्रामुख्याने खाजगी मोटारींनी व्यापली. बसला त्यांच्यातूनच वाट काढावी लागली व तिचा वेग घटत गेला. कलकत्त्यात मात्र ट्राम त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

विकास योजना व नवी व्यापारी केंद्रे : शहराच्या वाढीचा समग्र विचार करणारा मोडक-मेयर आराखडा १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्वे समिती (१९५८) व गाडगीळ समिती (१९६५) यांनी बेटाच्या दक्षिण टोकाशी होणारी उद्योग-व्यवसायांची गर्दी कमी करण्यावर भर दिला. १९५४ च्या नगररचना कायद्यान्वये महानगरपालिकेने बृहन्मुंबईची विकास योजना १९६४ मध्ये सादर केली. बांधकामाच्या एकूण क्षेत्राचे भूखंडाच्या क्षेत्राशी प्रमाण दर्शविणारा चटई क्षेत्र निर्देशांक याच योजनेबरोबर मुंबईत रूढ झाला. हा निर्देशांक म्हणजे इमारतीच्या आकारावरील मर्यादा तर होतीच. पण तो अप्रत्यक्षपणे त्या जागी रोज किती माणसे येतील हेही ठरवीत असे.

शहराचे दक्षिण टोक मोकळे करावे, असे समित्या सांगत असतानाच राज्य शासनाने बॅकबे येथे भर घातलेल्या जमिनीवर नरिमन पॉइंट हे कचेऱ्यांचे केंद्र वाढू दिले. तेथे उच्च निर्देशांक मंजूर झाल्याने बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे व सायंकाळी उलट दिशेने वाहणारा नोकरदारांचा लोंढा अधिकच फुगला. चर्चगेट व व्हिक्टोरिया टर्मिनस (१९९६ ते २०१७ या काळात छत्रपती शिवाजी टर्मिनस) या स्थानकांपासून त्यांना कचेरीपर्यंत पोहोचविण्याचे काम मुख्यत्वे बेस्टच्या बसगाड्यांकडे आले. याउलट शासनाने १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापून खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यास प्रारंभ केला आणि शहरातील घाऊक बाजार तेथे हलविण्याचे धोरण स्वीकारले. त्यानुसार कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मशीद बंदर भागातून नव्या मुंबईत गेला व दक्षिण मुंबईतील मालमोटारींचा भार काहीसा हलका झाला.

१९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने विकसित केलेले वांद्रे-कुर्ला संकुल हे नरिमन पॉइंटला पर्याय म्हणून योजिलेले केंद्र होय. ते वांद्रे व कुर्ला या दोन्ही स्थानकांपासून दूर असल्याने तेथेही बस, रिक्षा व सामायिक टॅक्सी यांवर भिस्त राहिली. भुयारी मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा संकुल विकासाच्या कामास चार दशके उलटून गेली होती. शहरातील पहिली मेट्रो (वर्सोवा ते घाटकोपर) ८ जून २०१४ रोजी सुरू झाली होती. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींबाबतही असेच घडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यांच्या पुनर्विकासास वाव ठेवण्यात आला व २००१ मधील बदलानंतर मोकळ्या जागा व घरे यांसाठी सार्वजनिक संस्थांना मिळावयाचा हिस्सा बराच घटला. लोअर परळच्या अरुंद रस्त्यांवर कचेऱ्या व विक्रीसंकुले उभी राहिली. त्या प्रमाणात स्थानकांचे पूल व पदपथ मात्र वाढले नाहीत.

बेस्टची आर्थिक स्थिती या काळात बिकट झाली. वीज विभागाच्या उत्पन्नातून वाहतूक विभागाची तूट भरून काढण्याची जुनी पद्धत वीजनियमनाच्या नव्या व्यवस्थेत टिकू शकली नाही. रस्त्यांवरील कोंडीमुळे बसच्या फेऱ्या घटल्या व उतारूही घटले. उतारू परत मिळविण्यासाठी जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणण्यात आले आणि ठेकेदारांच्या गाड्या भाड्याने घेण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला; ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये करण्यात आले, तेव्हाही तो प्रशासकाकडेच होता. १९४७ मध्ये जो प्रश्न सभागृहात आणण्यात आला होता, तो अशा रीतीने सभागृहाविना निकालात निघाला.

महाराष्ट्रातील इतर शहरे : पुणे महानगरपालिकेने १९५० मध्ये आपली बससेवा सुरू केली, ती २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळात विलीन झाली. सोलापूर, कोल्हापूर व ठाणे येथेही नगरसंस्थांनी परिवहन उपक्रम चालविले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी मात्र ही परंपरा निर्माण झाली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर सुरू झालेली राज्य परिवहनाची (एस. टी.) सेवा हाच अशा ठिकाणी सार्वजनिक वाहतुकीचा मुख्य आधार ठरला.

नंदुरबार हे याचे बोलके उदाहरण होय. तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हे जुने व्यापारी शहर मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर ते नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. जिल्हा कचेऱ्या आल्याने अक्कलकुवा, धडगाव, तळोदे, शहादे व नवापूर या तालुक्यांतील लोकांना कामासाठी तेथे यावे लागते. शेतमालाचा घाऊक बाजार १९६३ च्या कायद्यान्वये कृषि उत्पन्न बाजार समितीकडे, बसस्थानक राज्य परिवहन महामंडळाकडे, लोहमार्गाचे स्थानक रेल्वेकडे आणि रिक्षांचे परवाने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे आहेत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालणाऱ्या नगरपरिषदेच्या हाती रस्ते, भाजीमंडई, दुकानांचे गाळे व अतिक्रमण एवढे विषय उरतात. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास योजना तयार करण्याचे काम तिचेच असले, तरी त्या योजनेतील बाजार व तेथवर माणसे आणणारी गाडी यांचा मेळ घालण्याचे साधन तिच्याजवळ नाही. मुंबईत जी फारकत शतकभरात होत गेली, ती अशा शहरांत आरंभापासूनच आढळते. सातपुड्यातील पाड्यावरून बाजाराला वा कचेरीत येणाऱ्या माणसाची शहरातील शेवटची वाटचाल त्यामुळे बहुधा पायी किंवा सामायिक रिक्षाने होते.

समालोचन : बाजार वाढविणाऱ्या संस्थेवरच तेथील वाहतुकीची जबाबदारी असली, तर जमिनीच्या वाढत्या मोलाचा काही भाग उतारूंच्या सोयीकडे वळविता येतो, हे एल्फिन्स्टन सर्कलची भूखंडविक्री व वीज-ट्राम यांचा संयुक्त परवाना या दोन निर्णयांवरून दिसते. नरिमन पॉइंट, वांद्रे-कुर्ला संकुल व गिरणगाव यांच्या बाबतीत जमिनीपासूनचे उत्पन्न एकीकडे व वाहतुकीची तूट दुसरीकडे अशी स्थिती झाली. परवडणारे बसभाडे हा शहरातील रोजगारापर्यंत पोहोचण्याचा हक्क आहे, असे मानले, तर त्याचा खर्च केवळ उतारूंनी सोसावा की त्या रोजगाराच्या जागेपासून लाभ मिळविणाऱ्या जमीनधारकांनीही, हा १८७४ च्या तीन आण्यांच्या भाड्याबरोबर उपस्थित झालेला प्रश्न दीडशे वर्षांनंतरही अनुत्तरित राहिला आहे.